कागद सापडावा म्हणून : शब्दसूचीचे तंत्र आणि गावचे दप्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमविलेली कागदपत्रे, हस्तलिखिते आणि टिपणे यांचे जतन व्हावे या हेतूने १९२७ मध्ये त्याच शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला होता आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. राजवाडे यांच्या मागे राहिलेल्या भाषाविषयक सामग्रीतून मंडळाने १९३७ साली मराठी धातुकोश प्रसिद्ध केला व त्यानंतर नामादिशब्दव्युत्पत्तिकोशही प्रसिद्ध केला. या दोन्ही कोशांचे संपादन कृ. पां. कुलकर्णी यांनी केले.

कागद जमविणे हे निम्मे काम असते. जमलेल्या कागदांतील नेमका कागद हवा त्या वेळी हाती येणे हे उरलेले निम्मे, आणि बहुधा तेच अधिक कष्टाचे. इतिहास संशोधकाला हे पदोपदी जाणवते. ग्रामपंचायतीच्या सचिवाला, शाळेच्या मुख्याध्यापकाला आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षातील लिपिकाला ते तितकेच जाणवते; फरक एवढाच, की त्यांच्या टेबलापुढे कागदाची वाट पाहणारा माणूस उभा असतो.

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. अर्जदाराला तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, हे त्यातील कलम आता सर्वांना पाठ आहे. त्याच अधिनियमाच्या चौथ्या कलमाच्या अगदी आरंभी आणखी एक कर्तव्य सांगितले आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख रीतसर सूचिबद्ध करून व त्यांची अनुक्रमणी तयार करून ठेवावयाची आहे. या कर्तव्याची चर्चा फारशी होत नाही. वास्तविक तीस दिवसांची मुदत पाळता येणे अथवा न येणे हे या पहिल्या कर्तव्यावरच अवलंबून असते. सूची नसलेल्या दप्तरात ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर कित्येकदा खरे असते आणि तरीही ते अन्यायाचे ठरते.

अनुक्रमणिका आणि सूची

हे दोन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. पण त्यांचे काम वेगळे आहे. पुस्तकाच्या आरंभी असते ती अनुक्रमणिका. प्रकरणे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने ती असते. पुस्तकाच्या अखेरीस असते ती सूची. ती वर्णानुक्रमे असते आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आला हे सांगते. ग्रामपंचायतीचे इतिवृत्त तारखेच्या क्रमाने लिहिले जाते, म्हणजे त्याला अनुक्रमणिका आपोआपच असते. ज्याला ठरावाची तारीख ठाऊक आहे त्याचे काम अडत नाही. ‘स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी जागा सोडण्याचा ठराव कधीतरी झाला होता’ एवढेच ज्याला आठवते, त्याला सूचीवाचून तरणोपाय नाही.

सूची करण्याची विद्या जुनी आहे. वेदसंहितांच्या अनुक्रमणी आपल्याकडे प्राचीन काळीच रचल्या गेल्या. युरोपात तेराव्या शतकात पॅरिस येथील डॉमिनिकन पंथाच्या भिक्षूंनी ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या मार्गदर्शनाखाली बायबलमधील शब्दांची सूची सिद्ध केली. मॉरिस ब्लूमफील्ड यांची वैदिक वाङ्मयाची पादसूची १९०६ साली प्रसिद्ध झाली. ही सर्व कामे चिठ्ठ्यांवर, अनेकांच्या अनेक वर्षांच्या श्रमांतून झाली. इटलीतील रोबेर्तो बुसा या धर्मगुरूंनी १९४९ मध्ये आयबीएम कंपनीकडे जाऊन संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांच्या शब्दसूचीसाठी यंत्रसाहाय्य मिळविले. तरीही तिचे खंड छापून बाहेर पडू लागण्यास १९७४ साल उजाडले. ज्या कामाला माणसांची आयुष्ये खर्ची पडत, ते आज साधा संगणक काही क्षणांत करतो. मात्र त्याच्यापुढे काय ठेवावे आणि त्याच्याकडून काय मागावे हे माणसालाच ठरवावे लागते. खानदेशातील वाचकांच्या दृष्टीने तोच भाग महत्त्वाचा आहे.

यंत्राची रीत

आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ च्या सुमारास संदर्भासहित शब्दसूचीची पद्धत प्रचारात आणली. तीत शब्द एकटा दिला जात नाही. त्याच्या मागचे व पुढचे चार शब्दही सोबत छापले जातात. त्यामुळे मूळ कागद न उघडताच, हा उल्लेख आपल्या कामाचा आहे किंवा नाही हे वाचणाऱ्याला कळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीच्या माहितीपुस्तकांना अशीच सूची जोडलेली असे. ती तयार करणाऱ्या आज्ञावलीचे नाव पीटीएक्स. तिची मुक्त आवृत्ती लिनक्स प्रणालीच्या नेहमीच्या साधनांत आजही मोफत मिळते. तिला चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. काळ्या पडद्यावर एका ओळीत आज्ञा लिहावयाची, फाइलीचे नाव द्यावयाचे आणि सूची हाती घ्यावयाची. इंटरनेटची जोडणीही लागत नाही. वीज आणि जोडणी या दोहोंचा भरवसा नसलेल्या गावात, तसेच दप्तर गावाबाहेर जाऊ नये असे वाटणाऱ्या कार्यालयात, हा गुण थोडा नव्हे.

पीटीएक्सच्या कामाचे टप्पे समजून घेणे अवघड नाही. प्रथम ती मजकुराचे शब्द सुटे करते. प्रत्येक शब्दाला तो कोठून आला त्याचा पत्ता चिकटविते. ‘गाळावयाच्या शब्दांची यादी’ तिच्यापाशी दिलेली असेल तर त्या यादीतील शब्द सोडून देते. उरलेले शब्द वर्णक्रमाने लावते आणि प्रत्येकाचा संदर्भ त्याच्या दोहों बाजूंना मांडून ओळी छापते. पत्त्याबाबत एक सोय विशेष उपयोगी आहे. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द हाच तिचा पत्ता समजावा, असे आज्ञावलीला सांगता येते. म्हणजे एक ठराव एका ओळीत लिहिला आणि ओळीच्या आरंभी वर्ष, महिना व ठराव क्रमांक जोडून दिला, की काम झाले. समजा, ओळ अशी आहे :

१९८६-०७/०४ पूर्वेकडील नाल्यावर मातीचा बंधारा बांधण्यास मंजुरी

या एका ओळीतून सूचीत निरनिराळ्या जागी अशा ओळी येतील :

पूर्वेकडील | नाल्यावर मातीचा बंधारा बांधण्यास … १९८६-०७/०४
पूर्वेकडील नाल्यावर मातीचा | बंधारा बांधण्यास मंजुरी … १९८६-०७/०४

‘नाला’ आठवणाऱ्याला ठराव न च्या पानावर सापडेल, ‘बंधारा’ आठवणाऱ्याला ब च्या. महिन्याच्या आकड्यामागे शून्य का, असा प्रश्न पडेल. शून्य नसेल तर यंत्र दहावा महिना दुसऱ्याच्या आधी लावते. अंक सर्वत्र एकाच लिपीत असावेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. अर्धे पत्ते देवनागरी अंकांत व अर्धे आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिले तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी दप्तरे होतात.

धुळ्यातच या रीतीचे एक उत्तम उदाहरण डोळ्यांपुढे ठेवता येते. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. दासबोधाची रचना पाहा. वीस दशके, प्रत्येक दशकात दहा समास, आणि प्रत्येक समासातील ओव्यांना क्रमांक. तीन आकड्यांत कोणतीही ओवी नेमकी सांगता येते. सूचीसाठी यापेक्षा सोयीचा पत्ता नाही. याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हेही दप्तर सांभाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मराठीची अडचण

येथवर सर्व सुलभ वाटते. प्रत्यक्षात मराठी मजकूर पीटीएक्सपुढे ठेवला तर निष्पन्न होणारी सूची वाचता येत नाही. याचे कारण तिच्या घडणीत आहे. एक अक्षर म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एक घर, असे ती गृहीत धरते. युरोपीय भाषांपुरते ते पुष्कळसे चालून गेले. युनिकोड पद्धतीने साठविलेल्या मजकुरात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घरे व्यापते, आणि आज्ञावली त्या तिन्हींच्या मधूनच कात्री चालविते.

काही नव्या आज्ञावल्या युनिकोड जाणतात. पण ‘शब्द म्हणजे अक्षरांची सलग रांग’ अशी त्यांची व्याख्या असते आणि काना, मात्रा, वेलांटी यांना त्या अक्षर मानीत नाहीत. मग ‘विहीर’ या शब्दाचे व, ह आणि र असे तीन तुकडे पडतात. यावर उपाय साधा आहे. अक्षरे कोणती हे यंत्राला शिकविण्याऐवजी कुंपणे कोणती हे सांगावे. दोन शब्दांमधील मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस हीच कुंपणे. त्यांच्यामधले सर्व काही एक शब्द. लिनक्समधील टीआर, सॉर्ट, युनिक, ग्रेप आणि ऑक ही लहान साधने एकापुढे एक जोडून ही रीत अंमलात आणता येते. टीआर मोकळ्या जागेच्या ठिकाणी ओळ तोडते, सॉर्ट क्रम लावते, युनिक सारखे शब्द मोजते, ग्रेप एखादा शब्द असलेल्या सर्व ओळी क्रमांकासह काढून देते, आणि ऑक पत्ता व संदर्भ जुळवून छापते. संगणक शास्त्र शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हे एका दुपारचे काम आहे. एकदा लिहिलेली ही आज्ञामालिका पुढे शेकडो ग्रामपंचायतींना जशीच्या तशी वापरता येईल.

त्याआधी मजकूर खरोखरच युनिकोडमध्ये आहे ना, हे पाहावे लागते. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या टंकांत टंकलिखित केलेल्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात. आत मात्र रोमन अक्षरांच्या खुणा साठविलेल्या असतात. अशा फाइलीत ‘बंधारा’ शोधला तर यंत्र काहीच नाही म्हणून सांगते. त्या प्रथम रूपांतरित करून घ्याव्या लागतात, आणि रूपांतरानंतर माणसाने एकवार वाचून घेणे अनिवार्य असते.

युनिकोडमध्येही एक सूक्ष्म खोच आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शासकीय मराठीतील नित्याचा शब्द. त्यातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन रीतींनी टंकलिखित होते. कागदावर दोन्ही एकसारखी दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तेच. एका सचिवाच्या काळातील शेतकरी सूचीत एका जागी आणि त्याच्यामागून आलेल्याच्या काळातील दुसऱ्या जागी, असा प्रकार घडतो. सूची लावण्यापूर्वी सर्व मजकुरातील अशी अक्षरे एकाच रूपात आणणारी एक ओळ आज्ञामालिकेत आरंभीच घालावी.

वर्णक्रमाचा मुद्दा अलाहिदा. यंत्र चिन्हांच्या क्रमांकांप्रमाणे शब्द लावते. त्या क्रमांकांत ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसविलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून यंत्राच्या यादीत ‘जळगाव’ आधी आणि ‘जवस’ मागून येतो. शाळेत शिकलेल्या क्रमाने पाहणारा माणूस जळगाव शोधण्यासाठी आणखी पाने उलटील आणि रिकाम्या हातांनी परतेल. ‘क्षेत्र’ क मध्ये आणि ‘ज्ञापन’ ज मध्ये जाते. हे बदलता येते. पण न बदलले तरी चालेल, मात्र सूचीच्या पहिल्या पानावर तसे स्पष्ट लिहिलेले असावे.

सर्वांत मोठी अडचण मराठीच्या व्याकरणातून येते. इंग्रजीत शब्दाला विभक्तीचे प्रत्यय असे लागत नाहीत; मराठीत नाम प्रत्यय घेण्यापूर्वी आपले रूपच पालटते. ‘पूल’ चे ‘पुलाचा’, ‘पूर’ चे ‘पुरामुळे’, ‘पाऊस’ चे ‘पावसाने’. यंत्राच्या यादीत ‘पुलाचा’ आणि ‘पूल’ यांच्या मध्ये पुस्तक, पूजा, पूर, पूर्व असे परके शब्द येऊन बसतात. ‘पुराचा’ शब्द ‘पुरावा’ च्या शेजारी जातो. ‘पाऊस’ आणि ‘पावसाने’ यांची तर गाठच पडत नाही. पुलाच्या दुरुस्तीचे सात ठराव असतील आणि शोधणाऱ्याने ‘पूल’ या शब्दाखाली पाहिले, तर त्याला दोनच सापडतील. पाच नाहीतच असे तो समजेल. अपुरी सूची ही नसलेल्या सूचीपेक्षा घातक ठरते ती येथे. सूची नसेल तर माणूस सर्व पाने तरी चाळतो.

यावर विद्यापीठांतून भाषाशास्त्रीय उपाय शोधले जात आहेत. गावच्या दप्तरापुरते मात्र पुष्कळ साधे साधन पुरेल. एक दुसरी फाइल करावी, तिच्या प्रत्येक ओळीत एक मूळ शब्द आणि त्याच्या पुढे त्याच्या बदललेल्या रूपांचा आरंभ लिहावा : पूल, पुला, विहीर, विहिरी, पाऊस, पावसा, रस्ता, रस्त्या. यंत्राने त्या आरंभाचे सर्व शब्द मूळ शब्दाखाली आणावेत. अर्थात ‘पुला’ ने सुरू होणारा एखादा भलताच शब्द आत शिरेल. तो डोळ्यांनी पाहून काढावा. ग्रामपंचायतीच्या कारभारात वारंवार येणारी नामे फार नसतात. ही यादी मराठीच्या शिक्षकाने तयार केली तर उत्तम होईल. सामान्यरूप हा धडा वर्गात कंटाळवाणा ठरतो. त्याचा असा उपयोग दाखविता आला तर विद्यार्थीही हौसेने यादी वाढवतील.

कोणता शब्द गाळावा

‘आणि’, ‘व’, ‘या’, ‘असे’, ‘येत आहे’ हे शब्द गाळले पाहिजेत, यात दुमत नाही. ‘सभा’, ‘ठराव’, ‘मंजूर’ हेही प्रत्येक ओळीत येतात, तेव्हा तेही गाळावेत. ‘नामंजूर’ मात्र गाळू नये. नाकारलेल्या ठरावांचा शोध घेणाऱ्याला दुसरी वाट नसते. जो शब्द फार वेळा येतो तो निरुपयोगी, हा यंत्राचा नियम खानदेशात जपून वापरावा. ‘पाणी’ हा शब्द इतिवृत्ताच्या पानापानावर येईल आणि गाळावयाच्या यादीत जाण्यास तो पहिला पात्र ठरेल. तो गाळला तर सूचीतून गावच गाळल्यासारखे होईल.

शब्दसूचीला एक मर्यादा आहे, तीही मान्य केली पाहिजे. कागदात जो शब्द लिहिलेला आहे तोच ती दाखविते. धुळे जिल्ह्यात पांझरेसारख्या नद्यांच्या काठी फड पद्धतीने सामुदायिक सिंचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. बंधारा, पाट, फड, पाटकरी हे त्या व्यवस्थेचे शब्द. इतिवृत्त लिहिणाऱ्याने ‘फड’ ऐवजी ‘लाभक्षेत्र’ आणि ‘पाटकरी’ ऐवजी ‘पाणीवाटप कर्मचारी’ असे लिहिले असेल, तर फडाच्या हक्काविषयी विचारावयास आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला सूचीत काहीही मिळणार नाही. यासाठी सूचीत ‘फड : लाभक्षेत्र पाहा’ अशा दर्शक नोंदी हातानेच घालाव्या लागतात. ते ज्ञान यंत्रापाशी नाही. गावातील जाणत्या माणसांपाशी आहे. अहिराणी बोलणाऱ्या घरांतून कोणत्या वस्तूला काय म्हणतात हे विचारून घेतल्याशिवाय ही दर्शक यादी पुरी होऊ नये.

गावांच्या नावांनाही हेच लागू पडते. आजचे मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद आहे. अमळनेर कोठे अंमळनेर असे लिहिलेले आढळते. आजचा जळगाव जिल्हा १९६० पूर्वीच्या कागदांत पूर्व खानदेश आणि धुळे जिल्हा पश्चिम खानदेश असतो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे शहादा, तळोदा, नवापूर यांचे त्या दिवसापूर्वीचे उल्लेख धुळ्याच्या दप्तरात असावयाचे. जमिनीच्या बाबतीत तर एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे क्रमांक आणि नंतरचा गट क्रमांक हे दोन निराळे आकडे एकाच शेताचे असतात. या जोड्या नोंदविल्या नाहीत, तर सूची कितीही शुद्ध असली तरी वादातील शेत सापडणार नाही.

कामाचा हिशेब

हस्तलिखित इतिवृत्त यंत्र आपण होऊन वाचत नाही, आणि मोडीतील रुमालांचा तर प्रश्नच नको. कोणीतरी टंकलेखन केलेच पाहिजे. संपूर्ण इतिवृत्त टंकलिखित करण्याचा हट्ट धरला तर काम आरंभीच बुडते. प्रत्येक ठरावाची एका ओळीची गोषवारा नोंद पुरे : पत्ता, विषय, जागेचे नाव, गट क्रमांक, निर्णय. महिन्याला एक सभा आणि सभेला दहा ठराव धरले तर वर्षाचे एकशेवीस होतात. चाळीस वर्षांचे चार हजार आठशे. दिवसाला चाळीस ओळी लिहिल्या तर एकशेवीस दिवसांत सर्व दप्तर पुरे होते. दिवसाच्या चाळीस ओळी हे एका माणसाचे तासा-दोन तासांचे काम आहे. आरंभ मात्र सर्वांत जुन्या वहीपासून करावा. जुना कागद आधी झिजतो आणि तो वाचू शकणारा माणूसही आधी निवृत्त होतो.

शाळांच्या जनरल रजिस्टरची निकड याहून अधिक आहे. जात पडताळणीसाठी विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जाती व जमातींसाठी १९५० पूर्वीचा काळ पाहिला जातो. आजोबांचा प्रवेश कोणत्या साली झाला हे नातवाला ठाऊक नसते. वर्ष सांगता येत नाही म्हणून नोंद मिळत नाही आणि नोंद मिळत नाही म्हणून प्रवेशाची मुदत टळते. नाव, वडिलांचे नाव व गाव एवढ्याच स्तंभांची वर्णानुक्रम सूची असेल, तर हे काम मुख्याध्यापकाला मुलाच्या समोरच करता येईल. त्याच कारणाने ही सूची कार्यालयाबाहेर जाता कामा नये. जातीचा स्तंभ तीत मुळीच घेऊ नये. तो मूळ रजिस्टरात आहेच. ज्याची नोंद आहे त्याला अथवा त्याच्या वारसालाच तिचा उतारा मिळावा.

सूची एकदा झाली म्हणजे तिला लागणारे पुढचे श्रम किरकोळ असतात. मासिक सभा झाली की त्या सभेच्या ओळी फाइलीच्या अखेरीस जोडाव्यात आणि आज्ञामालिका पुन्हा चालवावी. नवी सूची मिनिटभरात सिद्ध होते. वर्षअखेरीस तिची एक छापील प्रत शिवून इतिवृत्ताच्या वहीसोबत कपाटात ठेवावी. मूळ फाइल, गाळावयाच्या शब्दांची यादी, मूळ रूपांची यादी आणि दर्शक नोंदींची यादी या चारही फाइलींची दुसरी प्रत पंचायत समितीच्या कार्यालयात असावी. सचिवाची बदली होते तेव्हा कार्यभाराच्या यादीत शिक्के, धनादेश पुस्तके आणि नमुन्यांच्या वह्या लिहिल्या जातात. त्यांखाली या चार फाइलींची नावे तारखेसह लिहून सही घ्यावी.